एकेचाळीस शहाणी मेंढरं

“मेंढराला मागनं हाकू नगंस, मायाक्का. तू म्होरं हो, आणि मागं वळून बघू नगंस. बघितलंस की ती थांबत्यात.”

लग्नानंतर चौथ्या दिवशी माझ्या सासूबाईंनी, तायव्वांनी, मला हिंगणमाळाच्या टेकाडावर उभं करून हे सांगितलं आणि साठ मेंढरं माझ्या मागं लावून दिली. मी वळून बघितलं नाही. मागं खुरांचा आवाज येत राहिला. सासूबाई देवाघरी गेल्या त्याला आता अकरा वर्षं झाली. त्यांचं सांगणं सव्वीस वर्षं खरं ठरलं. सत्ताविसाव्या वर्षी आमच्या दारात अशी मेंढरं आली, की सासूबाईंचा हा नियम त्यांच्या गावीही नव्हता.

मेंढरू एकटं राहू शकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. एक उठलं की सगळी उठतात, एक बसलं की सगळी बसतात. त्यात धनगराची सोयही आहे आणि त्याचा घातही. दोन वर्षांपूर्वी कॅनॉलच्या कडेनं कळप चालला होता. एका टेंपोनं हॉर्न वाजवला. पुढची मेंढी बुजली आणि पाण्यात पडली. मागच्या सेहेचाळीस जणी तिच्यामागं, रांगेनं, कुणी न ढकलता पाण्यात उतरल्या. पहिली भिऊन गेली होती, बाकीच्या नुसत्या संगतीनं. काठ सिमेंटचे, धार जोराची. एकही वर आली नाही.

आमचे मालक धुळाप्पा हे आवाजाचे माणूस. यांनी हाळी दिली की दोन वस्त्यांवरची कुत्री गप्प होतात. त्या दिवसापासून मात्र यांची हाळी बंद झाली. माळावर जायचे, रिकामी काठी घेऊन परत यायचे.

तेव्हा डॉ. ऋजुता केळुसकर आमच्याकडं आल्या. संशोधन केंद्राची गाडी घेऊन एकट्याच हिंडायच्या. मालवणकडच्या, बोलायला गोड, आणि मेंढीचे दात बघायला तोंडात निःसंकोच बोटं घालायच्या. ते बघितलं त्या दिवसापासून मी त्यांना मानते.

डॉक्टरबाईंनी ओसरीवर बसून मला सगळं समजावलं. आपली दख्खनी मेंढी काळी, लहान, काटक. उन्हातान्हात टिकते, घोंगड्याची लोकर देते, पण वजन भरत नाही. माडग्याळी मेंढी उंच, पांढऱ्यावर तपकिरी पट्टे, नाक पोपटासारखं बाकदार. वजनाला चांगली, पण तिच्या अंगावर लोकर म्हणावी अशी नाहीच. बंगालच्या पाणथळीत गरोळ नावाची एक बुटकी जात आहे, ती हटकून जुळी देते. या तिघींचे गुण एकत्र करून त्यांनी नवी जात बांधली होती. एवढं तर आमचे आजोबाही मेंढा बदलून बदलून करत आले. नवी गोष्ट पुढं होती.

मेंढरू कळपातून बाजूला पडलं की त्याच्या मेंदूत भीतीचा गजर वाजतो. दुसऱ्या मेंढराची पाठ नजरेला पडली की एक रस पाझरतो आणि गजर थांबतो. म्हणून ते पाठीमागं जातं, मग ती पाठ कुठं का जाईना. डॉक्टरबाईंनी त्या रसाचं कुलूप बदललं होतं. बीजातली चार अक्षरं इकडची तिकडं केली, एवढंच, असं त्या म्हणाल्या. आता दुसऱ्याची पाठ बघून या मेंढराला काहीच होत नाही. पुढची पाण्यात पडली, तर मागची काठावर उभी राहून बघते.

कागदावर त्या जातीचं नाव ‘स्वयंगती’ होतं. गावानं आठवड्याभरात ‘शहाणी मेंढरं’ केलं.

चाळीस मेंढ्या आणि एक मेंढा. तीन वर्षं सांभाळायचे, लस आणि जंताचं औषध केंद्राचं, चारा-पाणी आमचं. अटी दोनच. प्रत्येकीच्या गळ्यात पट्टा असेल, ती कुठं आहे आणि काळीज किती ठोके टाकतंय हे डॉक्टरबाईंच्या फोनवर दिसेल. जे जनावर सलग महिनाभर दुसऱ्याच्या दारात बसेल ते त्याचं. मालक हसले. आमच्या वाघरीतून, म्हणजे आम्ही रानात मेंढरांभोवती लावतो त्या जाळीतून, पिढ्यान्‌पिढ्या एक मेंढरू कुणाच्या दारात गेलेलं नव्हतं.

पहिल्याच सकाळी यांनी वाघूर काढली, काठी खांद्यावर घेतली आणि तीन महिन्यांनी पहिली हाळी दिली. मला भरून आलं. हे पुढं निघाले. सासूबाईंचेच ते लेक, वळून कसले बघतात. ओढ्यापर्यंत गेले, चिंचेपर्यंत गेले. मागं एकही मेंढरू नव्हतं. काही बसून रवंथ करत होती, काही उलट्या दिशेनं निघाली होती, आणि बांडी नावाची मेंढी माझी जपाची माळ खात होती.

म्हाळू भावजी, म्हणजे यांचे चुलतभाऊ, बांधावरून बघत होते. त्यांची वस्ती आमच्या वस्तीला लागूनच. त्यांनी शांतपणे विचारलं की दादा, तू मेंढरं चारायला चाललायस का मेंढरांनी तुला फिरायला सोडलंय.

माळ गेली, पण माझा नेम राहायला हवा होता. रोज चहाच्या आधी एकशे आठ वेळा देवाचं नाव. मी पदराच्या ओट्यात हुलगे घेतले, एकेका मेंढराच्या तोंडापुढं बसले, मूठ पुढं केली आणि एकदा नाव घेतलं. एकेचाळीस मेंढरं, तीन फेऱ्या, एकशे तेवीस. पंधरा देवाला जास्त गेली, त्याची कुणी तक्रार केली नाही. पुढं नवी माळ आणली तरी मला हीच बरी वाटू लागली. ही निदान ऐकताना कान हलवायची.

हळूहळू आम्ही शिकलो. कळप म्हणून काही उरलाच नव्हता, एकेचाळीस पाहुणे होते. एकीला बाभळीच्या शेंगा आवडायच्या, दुसरीला वासही चालायचा नाही. लोकर कातरताना एक बाजू झाली की मोरी नावाची मेंढी उठून चालू लागायची. दुसरी बाजू तिच्या सवडीनं व्हायची. एकदा तर पंधरा दिवस अर्ध्या अंगानं गावभर फिरली. आणखी एक मेंढी रोज नऊ वाजता गाडीच्या थांब्यावर जाऊन उभी राहायची. मेंढा तर सकाळ-संध्याकाळ बिरोबाच्या देवळात. तासन्‌तास पुजाऱ्यासमोर बसायचा. मी त्याला मनोमन नमस्कार करायची. मला वाटायचं, मागल्या जन्मीचं पुण्य असेल.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी एका सोमवारी डॉक्टरबाई आल्या. मी सोमवारी सूर्य उगवल्यापासून दिवा लागेपर्यंत बोलत नाही. लेकाच्या आजारपणात बोललेला नेम. लेक बरा झाला, पुण्यात नोकरीला लागला, तिथं तो दिवसभर फोनवर बोलतो. नेम माझ्याकडं राहिला. डॉक्टरबाईंना हे माहीत होतं, म्हणून त्या मनमोकळं बोलल्या. समोरचा उत्तर देत नसला की माणूस जास्तच बोलतो.

त्यांना एक न ठरवलेली गोष्ट सापडली होती. कुलूप बदललं म्हणून रस आटला नव्हता. त्याला फक्त नवी किल्ली लागली होती. मेंढरू चेहरे लक्षात ठेवतं, माणसांचेसुद्धा, वर्षानुवर्षं, अगदी फोटोतलेही. शहाण्या मेंढरांनी पाठ सोडून चेहरा धरला होता. प्रत्येकीनं आपापला एकच. तो समोर असला की काळीज शांत. त्यांनी फोनवर खुणा दाखवल्या. थांब्यावरची मेंढी नऊच्या गाडीच्या कंडक्टरबाईंसाठी जायची. मेंढ्याची भक्ती देवावर नसून सिदाप्पा पुजाऱ्यावर होती, तेही खोबऱ्यासकट. एकोणीस जणींनी मला धरलं होतं. बाकीच्या गावात विखुरलेल्या. सात जणींचं काळीज एका बांधाशी रोज थंड व्हायचं, पण तिथं चेहरा कुणाचा, हे डॉक्टरबाईंना कळत नव्हतं.

मी बोटानं लांब माळावरच्या यांच्याकडं खूण केली. डॉक्टरबाईंनी फोन खाली ठेवला.

“एकही नाही, मायाक्का. त्यांनी यांचा चेहराच बघितलेला नाही. हे कायम पुढं, पाठ करून.”

मी दिवा लागायची वाट बघितली. दिवा लागला. मग मला वाटलं, मंगळवारी सांगावं. मंगळवारी वाटलं, दिवाळी होऊ द्यावी. मौनाची एक अडचण अशी, की ते सोमवारपुरतं राहत नाही.

कारण पाडवा तोंडावर आला होता. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं मेंढरं पळवतात. अंगावर रंगाचे ठिपके, गळ्यात झेंडूच्या माळा, ढोल वाजायला लागतो. धनी पुढं पळतो, कळप मागं, आणि बिरोबाच्या देवळाला एक वेढा घालायचा. ज्याचा कळप न फुटता वेढा पुरा करतो त्याच्या फेट्यावर पहिला भंडारा पडतो. हा मान चार पिढ्या आमच्या घरात. कॅनॉलनंतरच्या पाडव्याला वाघूर रिकामी होती, म्हणून देवळानं आम्हाला सूट दिली. गेल्या वर्षी मेंढरं नवी म्हणून दिली. यंदा सिदाप्पानं निरोप धाडला की धुळाप्पा, आता देव किती दिवस थांबणार, न्हाई जमलं तर मान म्हाळूच्या घरी.

यांनी त्या दिवशी जेवण टाकलं. मेंढरं गेली तेव्हाही यांनी भाकरी खाल्ली होती, मीठ लावून का होईना.

दुसऱ्या दिवशी हे डॉक्टरबाईंना गाठून आले आणि आल्या आल्या हसायला लागले. मेंढरू फोटोतला चेहरा ओळखतं, एवढं यांनी त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. पुढचा विचार स्वतःचा. मेंढरांना माझी पाठ दिसते ना, मग पाठीवर तुझा चेहरा लावतो. तुझ्या मागं तर ती येत्यात. हे म्हणाले आणि तालुक्याला फ्लेक्सवाल्याकडं गेले.

खरं सांगते, एकोणीस तरी येतील म्हणून मला त्यात काही चूक दिसली नाही. डॉक्टरबाईंनासुद्धा दिसली नाही. त्या वहीत लिहून घ्यायला लागल्या.

पाडवा यंदा सोमवारी आला. सूर्य उगवला, माझं तोंड मिटलं आणि मग यांनी फ्लेक्स उलगडला.

फ्लेक्सवाल्यानं जीव ओतला होता. यांनी नुसता चेहरा सांगितला होता, पण नुसता चेहरा छापायला त्याचा हात धजला नसावा. वर सोनेरी अक्षरांत दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. खाली जागा मोकळी दिसते म्हणून गणपतीच्या जुन्या फ्लेक्सवरची सगळी भाऊकी शुभेच्छुक म्हणून रांगेनं बसवलेली, त्यात गॉगल लावलेले म्हाळू भावजी. मधोमध मी. म्हणजे मी असं खाली लिहिलं होतं. रंग दुधासारखा, गालावर गुलाबी, ओठ लाल, आणि माझ्या कपाळावरचं गोंदण साफ पुसलेलं. हे कौतुकानं म्हणाले की त्यानं उजळून दिलंय, वरून काही घेतलं नाही.

मेंढरं मला त्या गोंदणावरून ओळखतात. हुलगे खाऊन झाले की ती कपाळाशीच नाक लावतात. मी बोट कपाळावर टेकवलं, फ्लेक्सकडं दाखवलं, पुन्हा कपाळावर टेकवलं. हे समजले. आत जाऊन हळद-कुंकू आणलं, फ्लेक्सवरच्या बाईला लावलं आणि हात जोडले. मी मान हलवून नाही नाही म्हटलं. हे म्हणाले की लाजतेस काय.

देवळासमोर सगळं गाव उभं होतं. आधी म्हाळू भावजींचा कळप सुटला. सत्तर दख्खनी मेंढरं एका काळ्या घोंगडीसारखी त्यांच्यामागं सरकली, वेढा घातला, एक मेंढरू इकडचं तिकडं नाही. बघून डोळे निवले. मग आमचं नाव पुकारलं.

हे पुढं झाले. पाठीवर मी. ढोलावर काठी पडली. यांनी हाळी दिली, कुत्री गप्प झाली, आणि हे पळत सुटले.

एकेचाळीस मेंढरांनी त्या गोऱ्या बाईकडं बघितलं. शिष्टपणे नव्हे, अगदी नीट, पाहुणीकडं बघतात तसं बघितलं. मग ती आपापल्या कामाला लागली. मेंढा सिदाप्पाच्या पायाशी जाऊन बसला. एक थांब्याकडं निघाली. पोस्टातल्या तात्यांकडं एक गेली, तात्या आडोशाला लपू लागले. शाळेच्या बाईंकडं दोघी. जो माणूस सहा महिने सांगत होता की या मेंढरांनी माझा मका खाल्ला, त्याच्याच मांडीवर एकीनं डोकं ठेवलं, आणि त्याच्या बायकोला कळलं की मका कोण चारतं. सात जणी मात्र एकामागं एक चालत गेल्या, अशा की क्षणभर वाटलं, जुनीच जात आहे. त्या गेल्या आणि म्हाळू भावजींना वेढून उभ्या राहिल्या. एकीनं त्यांच्या खिशात तोंड घातलं. खिशातून फुटाणे सांडले.

ढोल आपोआप थांबला. हसण्याचा एक लोट आला. हे देवळाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर पोचले होते, मागं वळून बघत नव्हते, एकटेच पळत होते, आणि पाठीवरची बाई सगळ्या गावाकडं बघून हसत होती.

मला ते सोसलं नाही. बोलायचं नाही असा माझा नेम होता. पळायचं नाही असा नव्हता. मी आरतीचं ताट शेजारणीच्या हातात दिलं, पदर खोचला आणि पळाले. बाईमाणूस त्या वेढ्यात कधी पळालेलं नाही. पण एकोणीस मेंढरांना ते कुठं ठाऊक. ती निघाली. मी कोपऱ्यावर यांना गाठलं, यांच्या पुढं गेले. एकोणीस मेंढरं यांना दोन्ही बाजूंनी ओलांडून माझ्यामागं लागली. यांनी खुरांचा आवाज ऐकला, सगळा कळप आला असं वाटून हे आणखी जोरात पळाले. त्या वेढ्याला माझ्यामागं वीस जण होते.

वेढा पुरा झाला. सिदाप्पानं बोटांनी मोजलं, दोनदा मोजलं. एकोणीस म्हणजे कळप नव्हे. त्यानं भंडाऱ्याची मूठ म्हाळू भावजींच्या फेट्यावर टाकली. ते बरोबरच होतं, मीही मान हलवली. भावजींनी मान घेतला, पण मान वर करून बघितलं नाही. गुडघ्यापर्यंत सात मेंढ्या आणि पायाशी फुटाणे, अशात कुणाला वर बघवेल.

ते पुटपुटले की वैनी, आधी म्हटलं नुसतं बघावं तरी, खरंच शहाणी हायत का.

डॉक्टरबाईंनी फोनवरची खूण बघितली आणि गालात हसल्या. बांधावरचा चेहरा सापडला होता.

संध्याकाळी चौतीस मेंढरं घरी आली. सात भावजींच्या अंगणात बसली. भावजी स्वतः हाकायला आले, ओढून बघितलं, कुशीत उचलून दोन आणून सोडल्या. सोडल्या तशा त्या परत गेल्या. महिनाभर अशाच राहिल्या, तर अटीप्रमाणं त्यांच्या होणार होत्या. भावजी बांधावर अवघडून उभे राहिले.

दिवा लागला. मी आधी देवाचं नाव घेतलं आणि मग यांना सगळं सांगितलं. एकोणीस माझ्या, सात भावजींच्या, एक कंडक्टरबाईंची, सगळी यादी. शेवटी यांचा आकडा सांगितला. हे फ्लेक्सची घडी घालत होते. घडी नीट बसेना, म्हणून पुन्हा पुन्हा घालत राहिले.

“एकबी न्हाई?”

“तुमचं तोंडच बघितलं न्हाई वो त्यांनी.”

यांनी घडी तशीच खाली ठेवली. मग उठून बांधापाशी गेले आणि भावजींना म्हणाले, हळू आवाजात, तसा आवाज यांच्याजवळ आहे हे मला अठ्ठावीस वर्षांत ठाऊक नव्हतं,

“म्हाळू, सकाळी तुझ्या अंगणात येऊन बसतो. रोज येतो. हाकणार न्हाई, ओढणार न्हाई. त्यांच्या म्होरं तोंड करून बसतो. आल्या तर आल्या.”

“आन्‌ न्हाई आल्या तर?”

“तरीबी येतो.”

भावजी म्हणाले की चहा सातला असतो, त्याआधी आलास तर कोराच मिळंल.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मी ओट्यात हुलगे घेऊन पहिल्या मेंढीपुढं बसले होते. हे आंघोळ करून बाहेर आले. काठीकडं हात गेला, तो मागं घेतला. फेटा बांधला, मग काढून खुंटीला लावला, कारण फेट्यानं कपाळ झाकतं. माझ्या ओट्यातून न विचारता एक मूठ हुलगे घेतले आणि धोतराच्या सोग्यात बांधले. दारात एकदा खाकरले, हाळी देणार असं मला वाटलं. दिली नाही. चपला हातात घेतल्या, चौतिसांपैकी कुणी उठू नये असं जपून पाऊल टाकत, उघड्या कपाळानं, भावजींच्या बांधाकडं चालू लागले.